धर्म म्हणजे ‘रिलिजन’ नव्हे!

आषाढी एकादशी अवघ्या काही दिवसांवर आलेली असते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुते, माळशिरस असे मुक्काम करीत वेळापूरला येते. गावाअलीकडच्या उतारावर वारकरी धावत सुटतात. तुकोबारायांना येथूनच पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा या धाव्यामागे आहे. त्या रात्री वेळापूरकरांच्या घरांची दारे बंद होत नाहीत. कोणी पिठले-भाकरी वाढतो, कोणी पाण्याचे पिंप भरून रस्त्याच्या कडेला ठेवतो, कोणी थकलेल्या म्हाताऱ्याचे पाय चेपतो. हे सारे कशासाठी, असे एखाद्या माउलीला विचारले तर तिचे उत्तर दोन शब्दांत संपते, ‘धर्म आहे.’

आता हेच उत्तर इंग्रजीत सांगायचे ठरवा. ‘इट इज रिलिजन’ असे म्हटले तर ते हास्यास्पद होईल. भाकरी वाढणे हा काही कोणाचा ‘रिलिजन’ नसतो. तेथे ‘ड्यूटी’ म्हणावे लागेल, किंवा ‘चॅरिटी’, किंवा ‘कर्टसी’. आणि तरीही वेळापूरच्या त्याच माउलीचा नातू शाळेत जातो तेव्हा प्रवेशाच्या अर्जावर ‘धर्म’ असा एक रकाना असतो, इंग्रजी अर्जावर त्याच जागी ‘रिलिजन’ छापलेले असते. आजीचा धर्म आणि नातवाच्या अर्जावरचा धर्म, अक्षरे तीच. अर्थ मात्र दोन. या दोन अर्थांची सरमिसळ ही केवळ कोशकारांची अडचण नाही. गेली दीडशे वर्षे तिने मराठी माणसाच्या विचारात गोंधळ माजवला आहे, आणि आता तो निस्तरण्याची वेळ आली आहे.

एक शब्द, अनेक संसार

मराठीच्या रोजच्या व्यवहारात ‘धर्म’ हा शब्द कोठे कोठे वावरतो ते पाहावे. प्रवाशाला आसरा देणारी ती धर्मशाळा. रक्ताचे नाते नसताना मानलेला तो धर्माचा भाऊ. शेजाऱ्याच्या घरी दुःख असता स्वयंपाक करून नेणे हा शेजारधर्म. दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणे हा अतिथिधर्म. भूक, तहान, झोप हे देहधर्म. विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याचे, लोखंडाचे, प्राणवायूचे असतात ते गुणधर्म. मालमोटारींच्या रस्त्यावर पाटी दिसते ती धर्मकाट्याची. काट्याने तोलात कोणाची बाजू घेऊ नये, म्हणून तो धर्मकाटा. उपकार करायला जावे आणि तेच अंगाशी यावे, तेव्हा मराठी माणूस म्हणतो, ‘धर्म करता कर्म उभे राहते.’

एवढेच कशाला, ज्या पुढाऱ्यांना ‘धर्म’ हा शब्द उच्चारताच राजकारणात विटाळ झाल्यासारखे वाटते, तेही जागावाटपाच्या वेळी मित्रपक्षाला ‘आघाडीचा धर्म पाळा’ म्हणून बजावतात! तेथे त्यांच्या मनात पूजा-अर्चा नसते, ‘दिलेला शब्द पाळा’ एवढाच अर्थ असतो. म्हणजे जिभेला खरा अर्थ ठाऊक आहे; तो विसरली आहे ती केवळ लेखणी.

या एकाही शब्दात ‘धर्म’च्या जागी ‘रिलिजन’ बसवून पाहावे. ‘रिलिजन-काटा’? पाण्याचे ‘रिलिजन’? दासबोधकार समर्थांच्या परंपरेतून आलेला, न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या उदयाची मीमांसा करताना विचारात घेतलेला आणि विनोबांनी १९२३ मध्ये आपल्या मासिकाला नाव म्हणून दिलेला ‘महाराष्ट्र धर्म’ हा शब्द ‘महाराष्ट्राचा रिलिजन’ असा कोणी वाचील काय? समर्थ, रानडे आणि विनोबा यांचे मार्ग भिन्न होते. परंतु तिघांपैकी कोणाच्याही मनात ‘महाराष्ट्र नावाचा एक उपासनापंथ’ नव्हता.

‘रिलिजन’ची जन्मकथा

याउलट ‘रिलिजन’ हा शब्द कोठून आला? लॅटिनमधील ‘रेलिगिओ’ हे त्याचे मूळ. त्याच्या व्युत्पत्तीविषयी प्राचीन काळापासूनच दोन मते आहेत. रोमन वक्ता सिसेरो त्याचा संबंध ‘पुन्हा पुन्हा लक्षपूर्वक हाताळणे’ या क्रियेशी जोडतो, तर ख्रिस्ती लेखक लॅक्टान्शियस ‘बांधणे’ या क्रियेशी. मध्ययुगीन युरोपात ‘रिलिजस’ म्हणजे मठात व्रतबद्ध राहणारा साधू, असा त्या शब्दाचा नित्याचा अर्थ होता. पुढे सोळाव्या शतकात ख्रिस्ती जगतात फूट पडली, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात रक्तपात झाला. १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाने जर्मन प्रदेशात ‘जो राजाचा रिलिजन तोच प्रजेचा’ असे तत्त्व मान्य केले. १६४८ मध्ये वेस्टफालियाच्या तहाने तीस वर्षांचे युद्ध थांबले. एक प्रेषित, एक ग्रंथ, एक श्रद्धासूत्र, एक संघटना आणि ‘आत’ कोण व ‘बाहेर’ कोण याची स्पष्ट रेघ, असा जो ‘रिलिजन’चा आजचा अर्थ, तो या इतिहासाच्या भट्टीत तापून निघालेला आहे. त्या शब्दाला त्याच्या भूमीत पूर्ण मान आहे. त्याची समानार्थी भावंडे ‘फेथ’, ‘क्रीड’, ‘डिनॉमिनेशन’ हीही तशीच, श्रद्धेच्या कबुलीभोवती फिरणारी आहेत.

इंग्रजीतही या शब्दाच्या रोजच्या वापराला गमतीदार छटा आहेत. एखादा गृहस्थ ‘रिलिजसली’ व्यायाम करतो, असे इंग्रज म्हणतो. कोणी नवशिका भाषांतरकार त्याचे ‘तो धार्मिकपणे व्यायाम करतो’ असे मराठी करील. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की तो नेमाने, न चुकता व्यायाम करतो. भारतात ‘क्रिकेट हा रिलिजन आहे’ असे इंग्रजी समालोचक म्हणतात, तेव्हा त्यांना वेडाची सीमा गाठलेली भक्ती सांगायची असते. म्हणजे इंग्रजी शब्द विस्तारतो तो भक्तीच्या, नेमाच्या अंगाने. मराठी ‘धर्म’ विस्तारतो तो कर्तव्याच्या, न्यायाच्या, स्वभावाच्या अंगाने. दोहोंची वर्तुळे एकमेकांना थोडीशी छेदतात, पण ती एक नव्हेत.

जाणत्यांनी काय केले?

शब्दांची ही तफावत आजच कोणाच्या ध्यानात आली असे नाही. सम्राट अशोकाचा एक द्वैभाषिक शिलालेख १९५८ मध्ये अफगाणिस्तानात कंदाहारजवळ सापडला. त्यात ‘धर्म’ या शब्दासाठी ग्रीक भाषेत ‘युसेबिया’, म्हणजे आदरयुक्त, सदाचारी वृत्ती, असा शब्द योजला आहे आणि अरमाईक भाषेत चक्क ‘सत्य’ असा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भाषांतरकाराला ठाऊक होते की हा शब्द कोणत्या देवाची पूजा करावी हे सांगत नाही. त्याच अशोकाच्या लेखांचे अवशेष महाराष्ट्रात सोपाऱ्यालाही मिळाले आहेत. तेथील नवव्या लेखात ज्या धर्माचरणाची थोरवी आहे त्यात सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान यांचा समावेश होतो. वेळापूरच्या माउलीचे उत्तर किती जुने आहे, हे यावरून समजावे.

भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत सिद्ध केलेला महाग्रंथ इंग्रजीत आहे. पण त्याच्या नावात त्यांनी ‘धर्मशास्त्र’ हा शब्द तसाच ठेवला. या शब्दाला इंग्रजीत नेमका पर्याय मिळत नाही, हे त्यांनी आरंभीच नोंदवून ठेवले आहे. ज्यांचे इंग्रजीवर प्रभुत्व आणि संस्कृतावर स्वामित्व, त्या विद्वानाने हार मानलेली नाही, शब्दाचा मान राखला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महानिर्वाणानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मुळात इंग्रजीत लिहिताना त्यांनी शीर्षकात ‘रिलिजन’ लिहिले नाही, ‘धम्म’च लिहिले, आणि ग्रंथात रिलिजन व धम्म यांतील भेद सांगणारे स्वतंत्र प्रकरण घातले. रिलिजन ही ज्याची त्याची खाजगी बाब मानली जाते, धम्म हा मूलतः सामाजिक आहे, माणसाने माणसाशी कसे वागावे याचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वैदिक परंपरेविषयी बाबासाहेबांची मते अत्यंत कठोर होती, हे सर्वविदित आहे. तरीही ‘रिलिजन’ या शब्दात आपल्याला म्हणावयाचे ते मावत नाही, या मुद्द्यावर काणे आणि आंबेडकर एका बाजूला उभे दिसतात. दोन टोकांच्या दोन अभ्यासकांची अशी साक्ष मिळाल्यावर आणखी कोणता पुरावा हवा?

विरुद्धार्थी शब्दाची कसोटी

एखाद्या शब्दाचा खरा अर्थ पाहायचा तर त्याचा विरुद्धार्थी शब्द पाहावा. रिलिजनच्या उलट काय? न मानणे, नास्तिकता. धर्माच्या उलट काय? नास्तिकता नव्हे, अधर्म! म्हणजे अन्याय, दुराचार, कर्तव्याचा भंग. नास्तिक मनुष्य या भूमीत धार्मिक असू शकतो आणि त्रिकाळ पूजा करणारा अधर्मी असू शकतो. इंग्रजी शब्दात ही सोय नाही.

ही सोय किती मोलाची आहे, ते वेळापूरपासून थोड्याच अंतरावर असलेल्या पंढरपुरात १९४७ साली दिसले. विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुली व्हावीत म्हणून साने गुरुजींनी १ ते १० मे या काळात उपोषण केले आणि अखेर ती दारे उघडली. विरोध करणारे ‘धर्म बुडाला’ म्हणत होते. गुरुजींच्या बाजूचे लोक धर्माबाहेरून नव्हे, तर धर्माच्याच नावाने उत्तर देत होते. विठ्ठलाला भेटू न देणे हाच अधर्म, हे त्यांचे म्हणणे होते. धर्म हा केवळ ‘रिलिजन’ असता, तर तो वाद ‘नियमाच्या आतले’ आणि ‘नियमाच्या बाहेरचे’ यांच्यापुरताच उरला असता. धर्म शब्दात न्यायाचा अर्थ जिवंत होता, म्हणून रूढीला धर्माच्याच न्यायासनासमोर उभे करता आले. ज्या समाजाचा हा शब्द मरतो, त्या समाजाची स्वतःला सुधारण्याची भाषाच मरते.

उद्देशिकेतील एक शब्द

या गोंधळाचे सर्वांत ठळक उदाहरण राज्यघटनेच्या उद्देशिकेत आहे. घटना समितीत १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी ‘सेक्युलर’ हा शब्द घटनेत घालण्याची दुरुस्ती सुचवली होती. ती स्वीकारली गेली नाही. पुढे आणीबाणीच्या काळात, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो शब्द उद्देशिकेत आला. १९७८ मध्ये जनता सरकारने त्याची व्याख्या देण्याचा प्रयत्न केला, पण राज्यसभेत तो अडला. शब्द राहिला, व्याख्या राहून गेली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द वगळण्याची मागणी करणाऱ्या याचिका फेटाळल्या. तेव्हा शब्दाच्या असण्याविषयीचा न्यायालयीन वाद संपला आहे.

प्रश्न आहे तो भाषांतराचा. घटनेच्या हिंदी पाठात ‘सेक्युलर’साठी ‘पंथनिरपेक्ष’ हा शब्द आहे. मराठी पाठात मात्र ‘धर्मनिरपेक्ष’ छापले जाते, आणि पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या पानांवरून तेच लाखो मुलांच्या डोळ्यांखालून जाते. राज्याने कोणत्याही उपासनामार्गाचा पक्षपात करू नये, हे तत्त्व निर्विवाद आहे. छत्रपतींच्या राजधर्माचेही तेच सूत्र होते. पण हे तत्त्व ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दातून व्यक्त होत नाही. ज्याला धर्माची अपेक्षा नाही असे राज्य, म्हणजे ज्याला न्यायाची, कर्तव्याची, सत्याची अपेक्षा नाही असे राज्य! ज्या राष्ट्राच्या ध्वजावर अशोकाचे धर्मचक्र आहे, ते राष्ट्र धर्माविषयी उदासीन कसे असेल? हिंदीला जो विवेक सुचला तो मराठीला का सुचू नये?

हिंदी पाठही पूर्ण निर्दोष नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच्याच पंचविसाव्या कलमाच्या भागात ‘रिलिजन’साठी ‘धर्म’ आहे. पण जेथे चूक सर्वांत अधिक घातक होती, तेथे तरी ती टाळली गेली. सर्वोच्च न्यायालयासमोर २००२ मध्ये शालेय अभ्यासक्रमाविषयीचे अरुणा रॉय प्रकरण आले. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मूल्यशिक्षणाविषयी केलेल्या शिफारशींचा त्यात संदर्भ होता. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांनी त्या वेळी आपल्या स्वतंत्र मतप्रदर्शनात धर्म आणि रिलिजन यांतील भेदाची चर्चा केली. ‘धर्माधिकारी’ हे आडनावच मुळी न्यायदानाच्या पदावरून आलेले आहे, हा योगायोग मनोज्ञ म्हटला पाहिजे.

खुद्द महाराष्ट्र शासनाच्या कारभारात जुना अर्थ अजून तग धरून आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली जो अधिकारी ‘चॅरिटी कमिशनर’ म्हणून काम पाहतो, त्याचे मराठी पदनाम धर्मादाय आयुक्त. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. त्या रुग्णालयाचे विश्वस्त कोणत्याही उपासनापंथाचे असोत, पाटीवर ‘धर्मादाय’ हाच शब्द असतो आणि खाटेवरच्या रुग्णाला कोणी त्याचा पंथ विचारत नाही. एकाच शासनाच्या एका कार्यालयात धर्म म्हणजे परोपकार आणि दुसऱ्या कार्यालयात धर्म म्हणजे अर्जावरचा शिक्का! यांतला कोणता अर्थ मुलांच्या हाती द्यायचा?

आक्षेप आणि उत्तर

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की रूढ झालेला शब्द आता बदलणार कसा? स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘मेयर’साठी महापौर, ‘तारीख’साठी दिनांक असे शब्द सुचवले तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता. आज ते शब्द मराठीच्या अंगवळणी पडले आहेत. शब्द रूढ होतो तो वापराने, आणि वापर निश्चयाने होतो.

दुसरा आक्षेप असा की ‘पंथ’ म्हटल्याने जगातील मोठ्या उपासनामार्गांना कमी लेखले जाते. मराठीत तरी असे मानण्याचे कारण नाही. नाथपंथ, महानुभाव पंथ, वारकरी पंथ ही नावे या भूमीने आदराने उच्चारली आहेत. पंथ म्हणजे वाट. ज्या वाटेने ज्ञानदेवांची पालखी जाते तो शब्द कोणाचाही अपमान करू शकत नाही. तरीही कोणास तो खटकत असेल तर ‘उपासनामार्ग’ म्हणावे. आग्रह एका विशिष्ट प्रतिशब्दाचा नाही. ‘धर्म’ या शब्दाला त्याच्या घरातून हाकलू नये, एवढाच आहे.

तिसरा आक्षेप अधिक तिखट आहे. हा शब्दच्छल असून त्याआडून हिंदूंना कायद्यात वेगळी सवलत हवी आहे, असे काही जण म्हणतात. हा संशय निराधार आहे. अर्जावर ‘उपासनामार्ग’ असा रकाना आला तर हिंदूही त्यात इतरांप्रमाणेच आपला मार्ग लिहील. नियम सर्वांना एकच राहील. केवळ शब्द खरा होईल.

आरसा स्वतःसमोरही

परंतु सर्व दोष भाषांतरकारांच्या आणि इंग्रजीच्या माथी मारून मोकळे होणे हाही अधर्मच ठरेल. ‘धर्म’ शब्दाचा संकोच करणाऱ्यांत धर्माभिमानी म्हणवणारेही आहेत. धर्म म्हणजे वर्षातून चार मिरवणुका, कर्णे आणि घोषणा, असे जो मानतो त्याने धर्माचा ‘रिलिजन’च केलेला असतो, तोही अगदी स्वस्तातला. जिन्यातल्या शेजाऱ्याचे नाव ठाऊक नाही, वडीलधाऱ्यांना भेटायला सवड नाही, काटा मारून माल विकण्यात संकोच नाही आणि रकान्यात मात्र ‘धर्म : हिंदू’ ठळक अक्षरांत, हे चित्र मध्यमवर्गीय वस्त्यांत दुर्मीळ राहिलेले नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली. त्यांच्या नावाने आज सोलापूरचे विद्यापीठ आहे. त्यांचा धर्म दगडात बांधलेला दिसतो, कारण तो आधी आचरणात होता.

म्हणून कामाला आरंभ घरापासून व्हावा. घरातल्या मुलाने ‘धर्म म्हणजे काय’ असे विचारले तर त्याला रकाना दाखवू नये. धर्मशाळा, शेजारधर्म, धर्मकाटा हे शब्द समजावून सांगावेत. लिहिताना, बोलताना ‘रिलिजन’च्या अर्थी पंथ किंवा उपासनामार्ग म्हणावे. शिक्षकांनी गुणधर्म शिकवताना त्यातल्या ‘धर्मा’कडे मुलांचे लक्ष वेधावे. वृत्तपत्रांना पत्रे लिहावीत. दंगल उसळते ती ‘धर्माच्या नावावर’ नव्हे, पंथाभिमानाच्या नावावर, हे त्यांना सांगावे. आणि मराठी उद्देशिकेत हिंदीप्रमाणे ‘पंथनिरपेक्ष’ हा शब्द यावा, अशी मागणी सनदशीर मार्गाने शासनाकडे करावी.

वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे आणि राजा रामचंद्रदेवाच्या काळातील मराठी शिलालेखही तेथे आहेत. दगडावर कोरलेली मराठी सात शतके टिकली. माणसांच्या तोंडची मराठी टिकवायला छिन्नी लागत नाही. शब्दाचा अर्थ जगून दाखवावा लागतो. पुढच्या आषाढात पालखी पुन्हा त्या उतारावर येईल, पिंपे पुन्हा भरली जातील आणि कोणी विचारलेच तर उत्तर मिळेल, ‘धर्म आहे.’ त्या उत्तराचे भाषांतर करण्याची गरज नाही. ते समजून घेण्याची आहे.